फक्त आकडे चालतील

पोलादपूरच्या वरची वाडी,
तुळशीच्या लग्नानंतरचा बुधवार

प्रिय श्रुतिका,

"प्रिय" लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तोंडाने मी तुला आजवर भवाने, टवळे, आणि फारच माया आली तर "गो बाय" म्हटलंय. तेव्हा हा शब्द बघून घाबरू नकोस, मेलेलं कोणी नाही. म्हैस बरी आहे. भात झोडून झालं. पेंढ्याची उडवी रचायला बनुबाईचा जावई आला होता. त्याने ती अशी रचलीय की वर चिमणी बसली तरी कलंडेल, आणि मला सांगतो, "आजी, मुंबईत आम्ही अशाच बिल्डिंगी बांधतो." मी म्हटलं, तरीच पडतात.

तिसरी शिकलेल्या बाईने पत्र लिहायला घेतलं म्हणजे तोंडाने जमत नाही असं काहीतरी आहे, हे तू ओळखलं असशील. माझ्या जिभेला कधी कोणाची भीती वाटली नाही. तुझ्या आजोबांना मात्र तिची वाटायची. पण कंपनीत लागल्यापासून तू रविवारची येतेस, ओटीवर पाय पसरून बसतेस, आणि मी तुझे सुजलेले घोटे बघून चुलीकडे पळते. तिथून ओरडते, "चपला बदल गो." चपलांचा काय दोष! औषधाच्या कारखान्यात पाळीभर उभं राहून गोळ्यांची पाकिटं भरल्यावर घोटे सुजणारच. आणि तुला तिथे उभं कोणी केलं ते मला ठाऊक आहे, तुला नाही. तू समजतेस, पुण्याची संगणकाची नोकरी आपण आपल्या चुकीने घालवली. तेच मनात धरून तू आता तुडीलच्या स्थळालाही हो म्हणून मान हलवलीस. हे सांगायला बसले तर तू मध्ये बोलशील, मी चिडेन, आणि ते पुन्हा राहून जाईल. म्हणून कागद.

चैत्रात तू महाडच्या क्लासवरून आलीस की जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने चिन्हं काढत बसायचीस. मी म्हटलं, हे काय कोंबडी चालून गेल्यासारखं? तू म्हणालीस, "आजे, हा नमुना हाय. संगणकावर रकाना असतो, त्यात माणसं काहीबाही लिहितात. आकडा मागितला तर नाव लिहितात, नाव मागितलं तर गाव. म्हणून रकान्याच्या तोंडाशी हा नमुना उभा करायचा. त्यात बसेल ते आत, बाकी बाहेर." त्याचं इंग्रजी नावही सांगितलंस, रेग्युलर आणि पुढे काहीतरी. पुढचं माझ्या उरलेल्या दातांत अडकलं.

मग त्याचा खेळच झाला. मी वाल सोलता सोलता एकेक सांगायची आणि तू नमुन्यावर बोट ठेवून निकाल द्यायचीस. बारा? आत. साडेबारा? बारा टिंब पाच लिहिलं तर आत, अक्षरात लिहिलं तर बाहेर. उणे सात? आत. दोन टिंबं? बाहेर. पावणेदोन? बाहेर. मी म्हटलं, मेल्याने कधी बाजार केला नाही वाटतं. मग मी म्हटलं, बारा कोंबड्या! तू हसून लोळलीस आणि म्हणालीस, खरी गोम तिथेच हाय. पुढे ती टोपीसारखी खूण, आणि मागे ती काठीला साप गुंडाळल्यासारखी. टोपी म्हणजे इथून सुरुवात, साप म्हणजे इथे शेवट, अधेमधे दुसरं काही चालणार नाही. त्या दोन खुणा नसल्या तर यंत्राला कुठेतरी बारा दिसतो, ते खूश होतं, आणि कोंबड्यांसकट सगळं आत घेतं. मी म्हटलं, म्हणजे चाळणच की. पण चाळणीला कणी कळते, भात कोणाच्या खाचरातलं ते कळत नाही. तू म्हणालीस, "ते कळायला माणूस लागतं, आजे." पुढे ते माणूस मी निघाले, आणि मलाही कळलं नाही.

वैशाखात तू त्या पुण्याच्या कंपनीला अर्ज केलास. जाहिरात तुमच्या मैथिली मॅडमनी दाखवली आणि त्या बाळंतपणाला माहेरी गेल्या, क्लासला कुलूप. म्हणून तू महाडच्या सायबरमध्ये बसून अर्ज भरलास. आकडे तपासायचा असाच एक नमुना लिहून पाठवायचा होता. पसंत पडेल त्यालाच फोन येणार, बाकीच्यांनी समजून घ्यायचं. घरी आलीस ती चिडून. फोनच्या रकान्यात तू चांगूच्या दुकानाचा नंबर घातलास आणि पुढे आपल्या रीतीने लिहिलंस, पी.पी., चांगू दुकानदार. रकाना लाल झाला म्हणे. फक्त आकडे चालतील. दोनदा लिहिलंस, दोनदा लाल. शेवटी नुसता नंबर ठेवलास.

आता आपल्या वाडीत फोन एक, चांगूच्या तराजूशेजारी. लग्नपत्रिकेवर, शाळेत, दवाखान्यात, सगळ्या वाडीचा तोच नंबर आणि त्याच्यापुढे पी.पी., म्हणजे फोन दुसऱ्याच्या घरचा. ती दोन अक्षरं दिसली की फोन करणारा रीतीने बोलतो. मी अमका, अमक्या गावचा, अमक्याचा मेहुणा. वरच्या घरातल्या तमक्याला जरा हाक मारा, मी थोड्या वेळाने परत करतो. जो तसं बोलत नाही तो एक तर घरचा, नाही तर नको तो. मी तेव्हाच विचारलं होतं, मग त्या माणसाला कसं कळणार गो, फोन दुकानातला हाय ते? तू म्हणालीस, "त्यांना आकडा हवा आजे, दुकान नको." आणि ताटावर बसलीस.

पुढच्याच आठवड्यात, दुपारची एसटी यायच्या वेळेला मी दुकानात होते. एसटीची वाट बघणारी सगळी तिथेच सावलीला उभी. जानकीबाईसुद्धा. वरच्या आळीत सुई पडली तर खालच्या आळीत ती सांगते कुठल्या नंबरची, तुला माहीतच आहे. घंटी वाजली. चांगूचे हात गुळाने बरबटलेले, तो म्हणाला, "आवडी आजी, जरा उचला." मी उचलला. तिकडून एका पोराचा आवाज, मजेतला, जसा काही आपल्याच पारावर बसलाय: "हाय, श्रुतिका आहे का?" मी म्हटलं, तू कोण? "मी निषाद." झालं. आडनाव नाही, गाव नाही, कोणाचा कोण नाही. नुसता निषाद. मी म्हटलं, हा नंबर तुला दिला कोणी? तर हसून म्हणतो, "तिनेच तर दिला!"

कंपनीचा साहेब म्हणजे माझ्या मते आधी खाकरेल, मग कंपनीचं नाव घेईल, मग तुझं, आडनावासकट. हे कार्टं साहेब असेल असं मला कसं वाटावं? मागे सगळं दुकान कान देऊन उभं. जानकीबाईच्या हातातली पिशवीसुद्धा हलत नव्हती. मग मी सुटले. "मेल्या, लोकांच्या पोरी नावाने मागायला लाज नाय वाटत? आयशीला विचारलंस का? हितं कोण श्रुतिका नाय. तिचं लगीन झालं, नांदते ती सासरी. परत घंटी वाजवलीस तर पायताण घेऊन दारात येईन!" तो "सॉरी, सॉरी" म्हणत होता तोवर मी फोन आपटला. चांगू म्हणाला, "आजी, त्याला शिव्या द्या, पण फोन माझा हाय." सगळे हसले. जानकीबाई म्हणाली, "नात राखावी तर अशी." काय सांगू तुला, मी गूळ घ्यायचाच विसरले, आणि तरी तोंड गोड करून घरी आले.

आणि तू कुठे होतीस? घरात. दुकानाच्या ओटीवरून हाक मारली असती तर तुला ऐकू गेली असती.

तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण आपल्यात संशय विचारत नाहीत, बरणीत घालून मुरवतात. तू आंघोळीला गेलीस की मी तुझी पिशवी उपसायची. तू कॅलेंडरवर चिन्हं काढत हसलीस तरी मला वाटायचं, त्यालाच लिहितेय. महिपतीला मुंबईला निरोप धाडला की तुझी लेक लग्नाची झाली, जरा डोळे उघड. त्या बापड्याला वाटलं आई थकली, नातीचं बघून डोळे मिटायचेत. त्याने तुडीलच्या हैबतीच्या, मुलाच्या चुलत्याच्या, कानावर घातलं. म्हणजे ते स्थळही आपसूक आलेलं नाही, तेही माझंच.

इथवर मी स्वतःला माफ करते. बाहेरचं कार्टं, उनाड बोलणं, भरलं दुकान. माझ्या जागी बनुबाई असती तर तिनेही हेच केलं असतं. पुढचं मात्र माझं एकटीचं.

आषाढात एकदा आपण दोघी तांदूळ निवडत होतो. फोन काही आला नव्हता. तू तो कॅलेंडरचा कागद आणून माझ्यापुढे धरलास. "बघ आजे, शेवटी साप नाय. घाईत राहिला. तरीच निषाद सरांनी माझा कागद फेकून दिला." मी विचारलं, कोण सर? "निषाद सर. मॅडम सांगत होत्या, कागद तेच तपासतात. तिथे सगळे त्यांना नुसतं निषादच म्हणतात म्हणे, कंपनीत तशी पद्धत हाय." आणि मग तू स्वतःवरच हसलीस, "मी बारा कोंबड्या आत सोडल्या, आजे."

माझा हात सुपात होता तो तिथेच राहिला. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी काय बोलले? "खडे बघ गो, डोळे फुटले काय तुझे?" एवढंच बोलले मी.

त्या दिवशी भीती वाटली ती दुकानाची. ज्या दुकानाने माझी वाहवा केली ते मला हसेल, जानकीबाई माझी गोष्ट पोलादपूरच्या स्टँडपर्यंत नेईल. दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. तू शिकावंस, पुण्याला जावंस, असं मी सगळ्यांना सांगत फिरायची. आणि तू जाणार नाहीस हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. भाकऱ्या मला थापता येतात, म्हैस मला पिळता येते. पण संध्याकाळी भांडायला कोण? म्हणून गप्प बसले. तू तो कागद चुलीत घातलास, आणि मी वर तवा ठेवला.

श्रावणात तू औद्योगिक वसाहतीत चिकटलीस आणि महाडला तिथल्याच कामावरच्या मुलींबरोबर खोली घेतलीस. मी जानकीबाईला सांगितलं, नात कंपनीत लागली. तू पहिल्या रविवारी आलीस तेव्हा हाताला औषधाचा कडू वास होता, नाचणीच्या पिठात हात घातलास तरी जाईना. मी म्हटलं, राखेने घास. मैथिली मॅडमचा क्लास पुन्हा सुरू झालाय हे तुला बनुबाईच्या सुनेने सांगितलं, तरी तू तिकडे फिरकली नाहीस. लाज वाटते म्हणालीस. तुला कसली लाज गो!

तुडीलच्या मुलात खोट नाही. वसाहतीतच कामाला आहे, दारूला शिवत नाही, आईला उलटून बोलत नाही. बोलणी करायला आला तेव्हा हैबती म्हणाला, "संगणकाची हौस फिटली ना पोरीची? मग झालं." मी तुझ्याकडे बघितलं. वाटलं, आता ही फणकारेल, माझी नात आहे. तू मान खाली घालून म्हणालीस, "तुम्ही म्हणाल तसं. मला तरी कुठे काय जमलं?" तिथे मी हरले. तू रडली असतीस तर मी दोन शिव्या घालून सोडलं असतं. पण एवढ्या तोंडाळ पोरीचं तोंड मी मिटवलं, हे मला दिसलं.

सोमवारी मी जानकीबाईला सांगितलं, गुडघे धरलेत, सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बुडवून येते. आणि उतरले महाडला. क्लास शोधला. मॅडम मांडीवर तान्ही ईरा घेऊन शिकवत होत्या. पोर रडत होती, संगणक पिपाणी वाजवत होता, आणि त्यांचा आवाज दोघांच्या वर. मी सगळं सांगितलं, पायताणासकट. त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "आजी, तिने मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, तिला सांगण्यासारखं काही ठाऊकच नव्हतं. त्यांनी पुण्याला त्या निषादला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "मी ती पायताणवाली म्हातारी, पोलादपूरची."  तो इतका हसला की ईराने पण रडं थांबवलं. म्हणाला, "आजी, ऑफिसात अजून तुमची नक्कल करतात." मी म्हटलं, करा बाबा, पण आधी पोरीचं बोल.

त्याने तुझा कागद शोधून काढला. तुझा नमुना बरोबर होता. टोपी होती, सापही होता. कच्च्या कागदावर राहिला असेल, पाठवताना तू घातलास आणि विसरलीस. त्याने तुझ्या नावापुढे लिहून ठेवलं होतं, लग्न झालं, नोकरी नको. मी सांगितलं तेच लिहिलं त्याने. आणि मग म्हणाला, ती जागा गणपतीपर्यंत रिकामीच होती. हे तो आपला सहज म्हणाला. आषाढात मी तोंड उघडलं असतं तर ती तुझी होती.  ती जागा आता दुसऱ्या कोणाची झाली, ती मला परत आणता येणार नाही.

काल मी चांगूच्या दुकानात गेले, एसटीच्या वेळेलाच, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तो फोन नोकरीचा होता आणि तो मी घालवला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. जानकीबाई म्हणाली, "अगो बाई, मग पोरीला अजून सांगितलं नायस?" पहिल्यांदाच तिचं बरोबर होतं. तिथूनच हैबतीला फोन केला, म्हटलं रविवारी सुपारी फोडायची ठरलीय ती थांबव. तो तापला. पाहुण्यांना आवतण गेलंय, आता आम्ही यायचे ते यायचेच. मी म्हटलं, या.

आता ऐक. निषाद म्हणाला, येत्या सोमवारी सकाळी पुण्यात पुन्हा मुलाखती आहेत. तुझं नाव त्यात घालता येईल, पण तू स्वतः फोन केलास तर. "यावेळी तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी काही लिहिणार नाही," म्हणाला, आणि शहाणं केलं. नोकरी देतो असं तो म्हणाला नाही, मीही म्हणवून घेतलं नाही. नंबर मॅडमनी या कागदाच्या पाठीवर लिहिलाय. फोन महाडवरून कर. रविवारी संध्याकाळी मॅडमच्या बहिणीकडे पुण्यात उतरायची सोय आहे, तेही त्यांनीच ठरवलं. तुडीलचा मुलगा तुला मनातून हवा असेल तर तसं सांग, मी स्वतः हैबतीच्या पाया पडून सुपारी पुन्हा मागेन. पण आपल्याला काही जमत नाही म्हणून त्याच्या घरात जाऊ नकोस. बनुबाई उद्या महाडच्या बाजाराला जातेय, पत्र तिच्या हाती देते. ते वेळेत तुला मिळावं म्हणूनच ही सगळी खरड, कारण सांगायचं आहे ते एवढंच: या रविवारी घरी येऊ नकोस. पाहुणे येतील, बोलतील, ते मी ऐकेन. आणि माफ कर असं मी म्हणत नाही. म्हटलं तर तू लगेच करशील, पिशवी उचलशील आणि रविवारी दारात उभी राहशील. येऊ नकोस.

तुझीच, तोंडाळ,
आवडी आजी